वादपत्राचे वाचन : गुणदोषांपूर्वी संपणाऱ्या दिवाणी दाव्यांची एक चिकित्सा

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाला न्यायशास्त्रावरील कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक परिचित आहे. एकदा पायरी चढली की पिढ्या खर्ची पडतात, हा तिचा रोख. आजोबांनी लावलेला वाटणीचा दावा नातू चालवीत असल्याची उदाहरणे सर्वांच्या ऐकिवात असल्याने म्हणीचा अनुभव खोटा म्हणता येत नाही. परंतु जे पायरी चढले आणि ज्यांचे म्हणणे खरे की खोटे हे न ठरताच जे तेथूनच परत पाठविले गेले, त्यांच्याविषयी ही म्हण काहीच सांगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये अशा परतीच्या अनेक वाटा आहेत. वादपत्र नामंजूर होते, ते योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत केले जाते, वादी गैरहजर राहिल्याने दावा काढून टाकला जातो, पक्षकाराच्या मृत्यूनंतर वारस वेळेत अभिलेखावर न आल्याने दावा अवसायित होतो, किंवा वादी स्वतःच तो मागे घेतो. या सर्व वाटांचे एक सामाईक लक्षण असे, की साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहत नाही आणि मुद्द्यांवर निष्कर्ष नोंदविले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात यांपैकी मुख्यतः पहिल्या वाटेचा, म्हणजे आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नामंजूर होण्याचा विचार केला आहे. वकिलांच्या बोलण्यात ज्याला 'सेव्हन इलेव्हन' म्हणतात तो हाच अर्ज. या वाटेची निवड करण्याचे कारण असे, की येथे न्यायाधीश पुरावा तोलत नाही, तो एक मजकूर वाचतो. त्यामुळे हा प्रश्न जितका कायद्याचा आहे तितकाच वाचनाचाही आहे आणि कायद्याबाहेरील अभ्यासकालाही त्यात लक्ष घालण्याचा अधिकार पोहोचतो.

वाचनाचा नियम

नियम ११ मध्ये वादपत्र नामंजूर करण्याची कारणे नमूद आहेत. वादपत्रातून वादकारण उघड होत नसेल. मागणीचे मूल्यांकन कमी केले असून न्यायालयाने मुदत देऊनही ते दुरुस्त केले नसेल. मुद्रांक अपुरा असून तो भरला नसेल. किंवा वादपत्रातील कथनांवरूनच दावा एखाद्या कायद्याने वर्जित असल्याचे दिसत असेल, तर वादपत्र नामंजूर करावे लागते. प्रतींसंबंधीची आणखी दोन कारणे १ जुलै २००२ पासून त्यांना जोडली गेली. मूल्यांकन, मुद्रांक व प्रतींची कारणे हिशेबाची आहेत. त्यांच्यावरून फारसा वाद होत नाही. खरा संघर्ष वादकारणाचा अभाव आणि कायद्याने वर्जित असणे या दोन कारणांभोवती घडतो, आणि 'वर्जित' या शब्दाच्या आड बहुधा मुदतीचा कायदा उभा असतो.

अर्जावर निर्णय देताना काय वाचावे याविषयी सर्वोच्च न्यायालयाने 'सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (२००३) या निकालात स्पष्टता आणली. केवळ वादपत्रातील कथने पाहावयाची. प्रतिवादीची कैफियत या टप्प्यावर पूर्णतः गैरलागू होय. ही कथने तूर्त खरी मानून चालावयाचे आणि ती खरी असली तरी दाद मागता येते का, एवढेच विचारावयाचे. साहित्याच्या अभ्यासकाला ही भूमिका ओळखीची वाटेल. संहितेबाहेरचे काहीही वाचनात येऊ द्यावयाचे नाही, हा आग्रह समीक्षेच्या एका संप्रदायाने दीर्घकाळ धरला होता. (कायद्याच्या ग्रंथाला आणि साहित्यकृतीच्या पाठाला मराठीत 'संहिता' हा एकच शब्द आहे, हा योगायोग येथे अर्थपूर्ण ठरतो.)

तथापि या नियमाला दुसरी बाजू आहे. वादपत्र शब्दशः न वाचता 'अर्थपूर्ण रीतीने' वाचावे, हुशार लेखणीने वादकारणाचा जो आभास निर्माण केला असेल त्याला बळी पडू नये, असेही न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. एकीकडे वाचकाने मजकुरावर पूर्ण विश्वास ठेवावयाचा आणि दुसरीकडे त्याच मजकुरावर संशय घ्यावयाचा, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. दोन्ही एकाच वेळी साधणे अशक्य नसले तरी अवघड निश्चित आहे, आणि विश्वास कोठे संपतो व संशय कोठे सुरू होतो हे ठरविण्याचे साधन नियमाच्या शब्दांत नाही.

१९७७ चा निकाल आणि त्याचा गळालेला अर्धा भाग

'अर्थपूर्ण वाचना'चे सूत्र न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या १९७७ मधील एका निकालातून आले. प्रकरण बंगळूर येथील होते. भाडेकरूविरुद्धचा जागा रिकामी करण्याचा हुकूम उच्च न्यायालयापर्यंत कायम झाला, जागा सोडण्यास मुदतही मिळाली. आणि त्यानंतर तो हुकूम कपटाने मिळविला असल्याचे सांगणारा नवाच दावा त्याच कुटुंबातून दाखल झाला. न्यायप्रक्रियेचा असा वापर पाहून कृष्ण अय्यर संतापले, आणि त्यांची प्रसिद्ध धारदार भाषा या छोट्या निकालातही दिसते. वादपत्राचे वाचन औपचारिक न राहता अर्थपूर्ण असावे आणि दावा त्रासदायक व निराधार असेल तर नियम ११ चा अधिकार वापरावा, हे त्यांनी सांगितले. पुढील जवळजवळ प्रत्येक निकालात ते उद्धृत होते.

परंतु त्याच परिच्छेदात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. लेखनकौशल्याने वादकारणाचा आभास निर्माण झाला असेल, तर न्यायाधीशाने पहिल्याच सुनावणीस आदेश १० खाली पक्षकाराची कसून तपासणी करावी आणि तो आभास मुळातच खुडून टाकावा. म्हणजे आभास ओळखण्याचे साधन म्हणून त्यांनी अधिक संशयी वाचन सुचविलेले नाही, प्रश्न विचारणे सुचविले आहे. त्यांच्या योजनेत वाचन आणि ऐकणे ही एकाच कृतीची दोन अंगे होती. कागद काय म्हणतो हे वाचावयाचे. आणि कागदावर संशय आला तर ज्याच्या नावाने तो कागद आला त्या माणसाला समोर उभे करून विचारावयाचे.

नंतरच्या परंपरेने यातील वाचन ठेवले आणि ऐकणे गाळले, हा या लेखाचा मुख्य आक्षेप आहे. आदेश १०, नियम २ आजही संहितेत आहे. पक्षकाराची तोंडी तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयाला त्यानुसार मिळतो. मात्र नियम ११ चा अर्ज आला की युक्तिवाद होतो तो वकिलावकिलांत, आणि तोही वादपत्राच्या परिच्छेदांवर. वादी त्या दिवशी कोर्टाच्या आवारात असला तरी त्याला कोणी हाक मारीत नाही. उद्धृतांच्या प्रवासात अर्धे वाक्य हरविणे ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात नवी नाही. येथे मात्र त्या हरवण्याची किंमत ठरावीक माणसांना मोजावी लागते.

सुरतची जमीन

ही किंमत काय असू शकते हे न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलेल्या ९ जुलै २०२० च्या निकालात दिसते. नियम ११ वरील कायद्याची सुसंगत मांडणी करणारा निकाल म्हणून तो आज देशभरातील न्यायालयांत आधारभूत मानला जातो, आणि मांडणीच्या दृष्टीने तो मान योग्यच आहे. जमीन सुरत येथील, निर्बंधित भोगवट्याची; विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागली होती. २ जुलै २००९ रोजी खरेदीखत नोंदविले गेले. किंमत सुमारे १ कोटी ७४ लाख रुपये, ती अनेक धनादेशांनी दिल्याचा उल्लेख दस्तातच होता. डिसेंबर २०१४ मध्ये विक्रेत्या कुटुंबाने दावा लावला. प्रत्यक्षात ४० हजार रुपयेच मिळाले, उरलेले धनादेश खोटे होते. आपण निरक्षर आहोत, दस्तावर केवळ अंगठा उठविला, त्यातील मजकूर कोणी समजावून सांगितला नाही, असे त्यांचे कथन होते. मध्यंतरी २०१३ मध्ये ही जमीन तिसऱ्या पक्षाकडे गेली होती. कनिष्ठ न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वादपत्र नामंजूर केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

निकालाचा तर्क दोन पायांवर उभा आहे. पहिला असा, की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार विक्री ही दिलेल्या किंवा देण्याचे वचन दिलेल्या किंमतीच्या मोबदल्यात होते. म्हणून किंमत राहिली असे मानले तरी तेवढ्याने खरेदीखत रद्द होत नाही, विक्रेत्याला बाकी वसूल करण्याचा मार्ग मोकळा असतो. हा पाय भक्कम आहे. तो केवळ कायद्याचा प्रश्न असून वादपत्र खरे मानूनही त्याचे उत्तर तेच येते. नियम ११ ज्यासाठी आहे ते हेच होय.

दुसरा पाय मुदतीचा. दस्त रद्द करून मागण्यास मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५९ नुसार तीन वर्षे मिळतात, आणि ती दस्त रद्द करण्यास कारणीभूत असलेली वस्तुस्थिती वादीला प्रथम कळल्यापासून मोजली जातात. आपल्याला २०१४ मध्ये दस्ताच्या प्रती मिळाल्यावर कळले, असे वादींचे म्हणणे. हा दिनांक म्हणजे मुदत वाचविण्यासाठी रचलेला आभास आहे, असे न्यायालयाचे मत. पैसे खरोखर मिळाले नसते तर कुटुंब साडेपाच वर्षे गप्प राहिले असते हे अकल्पनीय आहे, या अर्थाचा युक्तिवाद निकालात आहे. येथे मात्र थांबून विचारावे लागते. 'अकल्पनीय' हा शब्द वादपत्रात कोठेही नाही. माणसे पैसे बुडाल्यावर गप्प राहतात की नाही, किती काळ राहतात, कोणाच्या धाकाने राहतात, हे मानवी वर्तनाविषयीचे अनुमान आहे. असे अनुमान काढण्याचा न्यायालयाला पूर्ण अधिकार आहे, परंतु तो पुराव्यानंतरचा. वादपत्रातील कथने खरी मानून चालण्याचा नियम ज्या निकालात काळजीपूर्वक मांडला, त्याच निकालात कथनाच्या संभाव्यतेचे मोजमाप होते, ही विसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

वादी खरे बोलत होते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ते खोटेही असू शकतील, आणि जमीन पुढे घेणाऱ्याची बाजूही हलकी नाही. मुद्दा एवढाच, की पहिल्या पायावर जो निकाल उभा राहू शकत होता त्याला दुसरा पाय जोडल्यामुळे नियम बदलला. कनिष्ठ न्यायालयांत हा निकाल वाचला जातो तो प्रामुख्याने मुदतीच्या मुद्द्यासाठी. आणि अंगठा उठविणाऱ्या माणसाला दस्तात काय लिहिले आहे हे केव्हा कळले, हा प्रश्न त्याला एकदाही न विचारता कागदावरून सोडविता येतो, असा धडा त्यातून घेतला जाण्याचा धोका राहतो.

लिहिणारा कोण?

येथे वादपत्राच्या कर्तृत्वाचा प्रश्न येतो. वादपत्र वादीच्या नावाने असते, त्याचे सत्यापन वादी करतो. पण ते लिहितो वकील. महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. असे असले तरी वादपत्राची मराठी ही वादीची मराठी नसते. 'दाव्यास कारण अमुक रोजी व तद्नंतर वेळोवेळी घडले' हे वाक्य कोणताही शेतकरी आपल्या तोंडाने उच्चारीत नाही. गंमत अशी, की हे ठोकळेबाज वाक्य वकील सावधगिरी म्हणून घालतो आणि नेमके तेच पुढे 'आभासा'चा पुरावा म्हणून वाचले जाते. 'हुशार लेखणी' हा आरोप ज्या लेखणीवर आहे ती वादीची नाही.

शिवाय संहितेच्या अपेक्षाही एकमेकींशी नीट जुळत नाहीत. आदेश ६, नियम २ सांगतो, की केवळ महत्त्वाची तथ्ये लिहा, पुरावा लिहू नका. नियम ४ सांगतो, की कपट आरोपित असेल तर तपशील द्या. तथ्य कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो हे ओळखणारा वकील ज्याला परवडतो त्याचे वादपत्र टिकते. ज्याला परवडत नाही त्याच्या वादपत्रात एकतर भरमसाट मजकूर असतो किंवा फारच थोडा. दुरुस्तीची सोय आदेश ६, नियम १७ मध्ये आहे, परंतु नामंजुरीचा हुकूम झाल्यावर दुरुस्त करावयास वादपत्रच उरत नाही.

नियम १३ नुसार वादपत्र नामंजूर झाले तरी त्याच वादकारणावर नवे वादपत्र दाखल करता येते, असे उत्तर यावर दिले जाते. कागदावर ते खरे आहे. मात्र मुदतीच्या कारणाने जे वादपत्र नामंजूर झाले, त्याच्या बाबतीत ही सवलत निरर्थक ठरते, आणि इतर कारणांच्या बाबतीतही अपिलात वर्षे गेल्यावर मुदत बहुधा उरलेली नसते. कलम २(२) नुसार नामंजुरी हा हुकूमनामा मानला जातो व त्यावर अपील होते, ही जमेची बाजू होय. पण अपिलातही वाचले जाते ते तेच वादपत्र.

महाराष्ट्राचा स्वतःचा प्रयोग

उंबरठ्यावरील तपासणी नेहमी वादीच्या विरोधातच जाते असा समज होऊ नये. अनेकदा वादीच उंबरठ्याचा फायदा घेतो, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाला याचा अनुभव आहे. शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आवश्यक असूनही ती न देता दावा लावावयाचा, तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळवावयाचा आणि काम झाले की दावा मागे घ्यावयाचा, अशी एक पद्धत मुंबईत रूढ झाली होती. मनाईच्या अर्जाच्या टप्प्यावर अधिकारितेचा प्रश्न सोडविण्याची गरज नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९५८ चा एक निकाल तिला सोयीचा होता. यावर उपाय म्हणून राज्याने संहितेत कलम ९अ घातले; ते १९७० मध्ये आले आणि १९७६ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर १९७७ मध्ये पुन्हा अधिनियमित करावे लागले. अंतरिम दाद मागितली असता कोणी अधिकारितेचा आक्षेप घेतला, तर तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी निकाली काढणे त्यानुसार बंधनकारक झाले.

औषधाने नवा रोग आणला. अधिकारितेचा आक्षेप घ्यावयाचा, त्यावर पुरावा, त्यावर निर्णय, त्यावर वरच्या न्यायालयात धाव. मूळ दावा तोवर आहे तेथेच. मुदतीचा प्रश्न हा 'अधिकारिते'त मोडतो का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन खंडपीठांनी २०१५ मध्ये परस्परविरोधी मते दिली. शेवटी राज्याने २०१८ मध्ये कलम ९अ वगळले, आणि ४ ऑक्टोबर २०१९ रोजी 'नुस्ली वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज' या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने निर्णय दिला, की मुदतीचा प्रश्न त्या कलमाखाली येत नव्हता, आणि तथ्य व कायदा यांची सरमिसळ असलेला मुद्दा प्राथमिक म्हणून वेगळा काढून सोडविता येत नाही. कलम वगळल्यानंतर त्याचा अर्थ निश्चित व्हावा, हा विधिइतिहासातील एक करुण विनोद म्हणावा लागेल.

या निकालानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी सुरतचा निकाल आला. दोन्हींचे संदर्भ भिन्न आहेत, कलमे भिन्न आहेत, हे मान्य करूनही मुदतीविषयीची त्यांची वृत्ती शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. एकीकडे मिश्र प्रश्न उंबरठ्यावर सोडवू नका असे सांगितले जाते; दुसरीकडे 'केव्हा कळले' हा निखळ तथ्याचा प्रश्न उंबरठ्यावरच सुटतो. वादकारण केव्हा कळले यावर वाद असेल तर मुदतीचा मुद्दा पुराव्यानंतरच ठरवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येही एका प्रकरणात म्हटले होते. आणि २०२१ मध्ये, पूर्वन्यायाचा आक्षेप तपासण्यास आधीच्या दाव्यातील कागद पाहावे लागत असल्याने तो नियम ११ खाली सोडविता येत नाही, असा निर्णय दिला. सबब कायदा एकाच दिशेने वाहतो आहे असे म्हणता येत नाही. कोणता निकाल पुढे केला जातो त्यावर वादपत्राचे भवितव्य ठरते.

दुसरी एक बाब प्रतिवादीच्या वर्तनाची. हा अर्ज दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर देता येतो आणि तो दिला की आधी तोच निकाली काढावा लागतो. परिणामी निराधार दावे लवकर संपावेत म्हणून असलेला नियम सबळ दावे लांबविण्याच्याही कामी येतो.

गैरहजेरी, मृत्यू आणि मध्यस्थी

इतर वाटांविषयी थोडक्यात. आदेश ९, नियम ८ खाली, प्रतिवादी हजर व वादी गैरहजर असल्यास दावा काढून टाकला जातो आणि नियम ९ मुळे त्याच वादकारणावर नवा दावा चालत नाही. तीस दिवसांत पुरेसे कारण दाखवून दावा पुनःस्थापित करून घेणे एवढाच मार्ग उरतो. वस्तुतः गैरहजर असतो तो पुष्कळदा वकील. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला देऊ नये, असे न्या. डी. ए. देसाई यांनी १९८१ मध्ये एका अपिलाच्या संदर्भात म्हटले. त्याचा आधार घेऊन असंख्य दावे परत उभे राहिले आहेत. आदेश २२ खालील अवसायन याहून निर्मम आहे. नव्वद दिवसांत वारस अभिलेखावर आले नाहीत तर मृत पक्षकारापुरता दावा आपोआप संपतो, त्यासाठी हुकूमही लागत नाही. हिस्सेदार गावोगाव पांगलेल्या वाटणीच्या दाव्यात कोणी केव्हा वारले हे कळण्यातच नव्वद दिवस जातात. मृत पक्षकाराच्या वकिलाने मृत्यूची माहिती न्यायालयाला द्यावी असा नियम १९७६ च्या दुरुस्तीने आला, एवढाच दिलासा. वाणिज्य दाव्यांत तर २०१८ पासून दाव्यापूर्वीची मध्यस्थी आली आणि तातडीची दाद मागितलेली नसताना ती न करता दाखल झालेले वादपत्र नामंजूर करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले. मात्र तो निर्णय २० ऑगस्ट २०२२ पासून पुढे लागू करून जुन्या वादींना वाचविले. पक्षकारांना आधी सावध करून मग दार बंद करण्याचे हे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे.

आदेश १० चे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. २००२ मध्ये त्यात नियम १अ ते १क जोडले गेले. त्यांनुसार न्यायालय पक्षकारांना लवाद, तडजोड, मध्यस्थी यांपैकी कोणता मार्ग हवा असे विचारते. म्हणजे कृष्ण अय्यर यांनी ज्या आदेशाकडे खऱ्याखोट्याच्या शोधासाठी बोट दाखविले, त्याचा वापर आज होतो तो मुख्यतः पक्षकारांना न्यायालयाबाहेर पाठविण्यासाठी. नियम २ ची तोंडी तपासणी बाजूला पडली आहे. नियम ११ मध्ये केवळ वादपत्र पाहावयाचे असताना पक्षकाराचे उत्तर कसे विचारात घ्यावे, असा तांत्रिक आक्षेप त्यावर येऊ शकेल. परंतु हे उत्तर प्रतिवादीची कैफियत नव्हे; ते वादीचेच, आपल्या कथनाविषयीचे स्पष्टीकरण होय. ही तपासणी साक्ष नसते, वादाचे मुद्दे नेमके कोणते हे उलगडणे एवढाच तिचा उद्देश असतो. 'प्रत केव्हा मिळाली, कोणी वाचून दाखविली, त्यापूर्वी बँकेत गेला होतात का' हे तीन प्रश्न आणि त्यांची वादीच्या भाषेतील उत्तरे एका पानात मावतात. खोट्या वादीचा आभास त्या पानावर टिकणार नाही, आणि खऱ्या वादीचे वकिलाच्या वाक्यांत हरवलेले म्हणणे निदान अभिलेखावर येईल. यासाठी संहितेत दुरुस्ती लागत नाही, नवा निकाल लागत नाही; १९७७ चा तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचावा लागतो.